जुनी एसयूव्ही कमी खर्चात उंच करायचीय? आधी बसलेले पाटे पाहा

पावसाळा संपला की सह्याद्रीतल्या वाड्या-वस्त्यांकडे जाणारे कच्चे रस्ते उघडतात. त्याच सुमारास गॅरेजमध्ये एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘गाडी दोन इंच वर घेता येईल का?’ विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा पंधरा-वीस वर्षांची जिप्सी, बोलेरो किंवा तशीच एखादी जुनी दणकट गाडी असते. खिशात पैसे मोजकेच असतात. समोर मोबाइलवर उंच टायरवाल्या गाड्यांचे व्हिडिओ असतात.

काम होते, यात शंका नाही. पण त्यातून नेमके काय मिळते, काय गमवावे लागते आणि कायदा काय म्हणतो, हे समजून न घेता केलेला खर्च दुप्पट होऊन अंगावर येतो. मारुती जिप्सीचे उदाहरण घेऊन हे गणित समजून घेऊ.

जिप्सीच का?

१९८५ मध्ये आलेली जिप्सी सर्वसामान्य ग्राहकांसाठी २०१९ च्या सुमारास बंद झाली. आजही डोंगराळ भागात आणि शेतावर ती कामाला आहे. तिची रचना साधी आहे. पुढे-मागे दोन्हीकडे सरळ अॅक्सल आणि चारही चाकांना कमानपाटे. शिडीसारख्या चासीवर बॉडी बोल्टने बसवलेली. कंपनीच्या तपशिलानुसार जमिनीपासूनची उंची २१० मिलिमीटर.

या साधेपणामुळेच ती ‘उंच’ करणे सोपे वाटते. पाना, जॅक आणि वेल्डिंग मशीन असलेले कोणतेही गॅरेज हे काम घ्यायला तयार होते. अडचण तिथूनच सुरू होते.

उंची वाढते म्हणजे नेमके काय वाढते?

इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे. सस्पेन्शन वर घेतले की बॉडी आणि चासी वर जाते. अॅक्सल मात्र होता तिथेच राहतो. सरळ अॅक्सलच्या गाडीत जमिनीला सर्वांत जवळ असतो तो डिफरन्शियलचा गोल भाग, आणि तो अॅक्सललाच जोडलेला असतो. म्हणजे पाट्यांवर कितीही खर्च केला, तरी चाकोरीच्या मधला दगड डिफरन्शियलला पूर्वीइतकाच लागणार.

मग सस्पेन्शन उंच करून मिळते काय? चढाच्या सुरुवातीला बंपर घासत नाही, उतरताना मागची बाजू टेकत नाही आणि बांधावरून जाताना गाडीचे पोट अडकत नाही. ज्याची अडचण ही आहे, त्याला फायदा होतो. ज्याचा डिफरन्शियल दगडाला लागतो, त्याला होत नाही.

डिफरन्शियल वर उचलतो तो फक्त टायर, आणि तोही निम्म्याच हिशेबाने. २०५/७० आर १५ टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर असतो. २१५/७५ आर १५ चा सुमारे ७०३. फरक ३५ मिलिमीटरचा, पण अॅक्सल वर जातो जेमतेम १८ मिलिमीटर. शिवाय स्पीडोमीटर कमी वेग दाखवू लागतो. काटा ८० वर असताना गाडी प्रत्यक्षात ८४ च्या आसपास धावत असते. चढावर इंजिनला पूर्वीपेक्षा जास्त जोर लागतो आणि ब्रेकवरचा ताण वाढतो, हे वेगळेच.

हरवलेली उंची आधी शोधा

वीस वर्षे ओझे वाहिलेले पाटे बसतात. त्यांची कमान सपाट होते. अशी गाडी मूळ उंचीवर नसतेच. त्यामुळे नवीन उंची विकत घेण्याआधी जुनी हरवलेली उंची परत मिळवणे हा कमी बजेटमधला पहिला आणि बऱ्याच वेळा शेवटचा उपाय ठरतो.

तपासणी फुकटात होते. गाडी सपाट जागेवर रिकामी उभी करायची, चारही टायरमध्ये सारखी हवा ठेवायची. चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजायचे. डाव्या-उजव्या बाजूंत ठळक फरक असेल, तर एका बाजूचे पाटे बसले आहेत किंवा एखादे पान तुटले आहे. नंतर गाडीखाली वाकून पाहायचे. पाटा कमानीसारखा न दिसता सरळ पट्टीसारखा दिसत असेल, तर उत्तर मिळाले.

जिल्ह्याच्या गावी, महामार्गालगत कमानपाट्यांचे काम करणारे कारागीर आजही असतात. ते पाटे खोलून पुन्हा कमान देतात आणि तुटलेले पान बदलतात. त्यांच्याकडे काम देताना चार गोष्टी पाहाव्यात. पाटा लालबुंद तापवून वाकवला आणि नंतर त्याला नीट पाणी चढवले नाही, तर स्प्रिंगचे पोलाद मऊ पडते आणि कमान काही महिन्यांत पुन्हा बसते. यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवेच घालावेत, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही. बुश जुने ठेवू नयेत. आणि काही शे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.

मूळ उंची परत आली की शॉकअप, ब्रेकचे होज, प्रॉपेलर शाफ्ट सगळे आपापल्या मूळ कोनात येते. दुसरे काही बदलावे लागत नाही. कायद्याचाही प्रश्न उरत नाही, कारण ही दुरुस्ती आहे, बदल नव्हे.

मग ‘स्वस्त लिफ्ट’चे पर्याय कोणते?

गॅरेजमध्ये सुचवले जाणारे मार्ग साधारण असे असतात.

*जादा पान घालणे:* पाट्यांच्या संचात एक पान वाढवले की उंची वाढते आणि पाटा कडक होतो. कायम ओझे वाहणाऱ्या गाडीला ते सोसते. रिकामी फिरणारी गाडी मात्र खड्ड्यात उडते आणि ओल्या वळणावर चाकाची पकड सुटते.

*लांब शॅकल:* पाट्याचे टोक चासीला जोडणारी पट्टी लांब करायची. इथेही निम्माच हिशेब लागू होतो. शॅकल दोन इंच लांब केली, तर गाडी साधारण एक इंच उचलली जाते. पुढच्या बाजूला शॅकल लांब केल्याने अॅक्सलचा कल बदलतो, म्हणजेच कॅस्टर बिघडतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि वेगात गाडी भरकटते. जुन्या जिप्सीत किंगपिनचे बेअरिंग झिजलेले असेल, तर ठरावीक वेगाला पुढची चाके थडथडू लागतात.

*ठोकळा घालणे:* अॅक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा बसवतात. पाटे अॅक्सलच्या वर असलेल्या गाडीतच हा उपाय चालतो. जिप्सीत मुळात पाटे अॅक्सलच्या खाली असतात. तिथे ठोकळा घातला तर गाडी वर जाण्याऐवजी खाली येईल! पुढच्या अॅक्सलला तर ठोकळा कोणत्याच गाडीत घालू नये. ब्रेक लागताना येणारा सगळा पीळ त्या ठोकळ्यावर येतो.

*पाटे अॅक्सलच्या वर घेणे:* जिप्सीत यातून पाच इंचांच्या आसपास उंची मिळते. सुटे भाग फारसे लागत नाहीत, म्हणून हे काम स्वस्त वाटते. पण अॅक्सलवर पाट्याच्या नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात. स्टिअरिंगचा दांडा तिरका होतो, त्यामुळे खड्ड्यात चाक वर-खाली होताना स्टिअरिंग आपोआप फिरते. प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर जातात. ब्रेक होज ताणला जातो. शॉकअप तोकडे पडतात. यातले प्रत्येक काम वेगळे करावे लागते आणि ‘स्वस्त’ काम पाहता पाहता सर्वांत महाग होते.

कॉइल स्प्रिंगच्या गाड्यांत वेटोळ्यांमध्ये रबरी बफर अडकवले जातात. बसलेल्या गाडीला त्यातून थोडा आधार मिळतो, पण बसलेली स्प्रिंग काही पूर्ववत होत नाही. टॉर्शन बार असलेल्या गाड्यांत एक बोल्ट आवळला की पुढची बाजू उचलली जाते. पैसे जवळपास लागत नाहीत. मात्र चाकाला खाली जायला जागा कमी उरते आणि बॉल जॉइंट लवकर झिजतात.

घाटात काय होते?

गाडी उलटण्याची शक्यता मोजायचे एक सोपे माप आहे. दोन चाकांमधील रुंदी भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. समजा, रुंदी १,३०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ६५० मिलिमीटरवर आहे. गुणोत्तर १ येते. गुरुत्वमध्य ५० मिलिमीटर वर गेला की ते ०.९३ होते. १२५ मिलिमीटर वर गेला की ०.८४. म्हणजे उलटण्याविरुद्धची ताकद पहिल्या बाबतीत सुमारे ७ टक्के, तर दुसऱ्या बाबतीत १६ टक्के घटते.

आता यात टपावरचे सामान, मागे बसलेली सहा माणसे आणि घाटातले तीव्र वळण मिळवा. गाडी उंच करणारा बहुधा एकटा चालवत चाचणी घेतो. तिचा खरा कस लागतो तो भरलेल्या गाडीतून लग्नाला जाताना.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

‘आरसीवर उंची लिहिलेली नसते, मग कोण विचारतो?’ असा युक्तिवाद ऐकू येतो. त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी गाडी आरटीओच्या तपासणीला न्यावी लागते. जुन्या एसयूव्हीच्या मालकाला हा टप्पा चुकत नाही. अपघात झाल्यास, विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्यात वादाचा मुद्दा होतो. वाचवलेले काही हजार तिथे लाखांनी वसूल होऊ शकतात.

सरसकट बंदीने प्रश्न सुटेल?

दुसरी बाजूही आहे. खराब रस्ता हे वाडीवरच्या माणसाचे रोजचे वास्तव आहे. रस्ता सुधारत नाही म्हणून तो गाडी सुधारायला जातो. अधिकृत वाट नसली की तो वेल्डिंगच्या दुकानात जातो, आणि तिथे तपासणी कोणीच करत नाही.

सीएनजी किटचे उदाहरण समोर आहे. मान्यताप्राप्त किट, अधिकृत बसवणारा आणि आरसीवर नोंद, अशी पद्धत तिथे रुळली आहे. ऑस्ट्रेलियातील अनेक राज्यांत गाडीची उंची ठरावीक मर्यादेपर्यंत वाढवता येते आणि त्यापुढे अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. पुण्यातील एआरएआयसारख्या संस्था वाहनांच्या चाचण्या घेतातच. मर्यादित उंचीच्या, तपासलेल्या सस्पेन्शन किटसाठी तशी वाट आखणे अशक्य नाही. बंदी कागदावर आणि जुगाड रस्त्यावर, या आजच्या स्थितीपेक्षा ते नक्कीच सुरक्षित ठरेल.

तोपर्यंत काय करावे?

बजेट कमी असेल तर पैसे या क्रमाने लागावेत. पहिल्यांदा पाट्यांना कमान, नवे बुश आणि यू-बोल्ट. मग चांगले शॉकअप. त्यानंतर कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्याच मापाचे, कच्च्या रस्त्याला योग्य नक्षीचे टायर. शेवटी ब्रेक आणि स्टिअरिंगची तपासणी. टपावरचे अनावश्यक ओझे उतरवायला तर काहीच खर्च नाही.

एवढे करून गाडी पुन्हा मोजावी. बसलेली जुनी गाडी मूळ उंचीवर आली, की हवे असलेले ‘दोन इंच’ बऱ्याचदा तिच्यातच सापडतात.