लाडका खेळाडू द्यावा का?

३१ जुलै २००४, बेसबॉलमधल्या ट्रेडचा शेवटचा दिवस. बॉस्टन रेड सॉक्सने चक्क नोमार गार्सियापारा देऊन टाकला! १९९९ आणि २००० साली अमेरिकन लीगमध्ये सर्वोत्तम सरासरी, शहराच्या गळ्यातला ताईत. बदल्यात शॉर्टस्टॉपला ऑर्लंडो कॅब्रेरा, फर्स्ट बेसला डग मिंटकेविच. दोघांचे हात पक्के, बॅट मात्र त्या मोसमात थंड.

मला विचाराल तर थिओ एपस्टाइनचा हिशोब चोख होता. नोमारचा करार मोसमाअखेर संपणारच होता, शिवाय टाचेचं दुखणं. रन्स भरपूर होत्या, गळती इनफिल्डमध्ये होती. अहो, बग जिथे आहे तिथेच फिक्स करायचा ना?

८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. शेवटचा थ्रो पकडला कोणी? मिंटकेविचने!

एका ट्रॉफीने निर्णय बरोबर ठरत नाही, मान्य. पण ट्रॉफी नसती मिळाली, तरी मी हेच म्हटलं असतं.