इम्युनोथेरपीचे दुष्परिणाम कोण सांगणार?

मा. संपादक,

कर्करोगावरील इम्युनोथेरपीविषयीचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. त्यातले कौतुक रास्त आहे. पण ‘दुष्परिणाम जवळजवळ नाहीत’ हा दावा लोकांपर्यंत तसाच जाऊ देता कामा नये.

कारण समजण्यासाठी सीटीएलए-४ हे जनुक पाहा. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना लगाम घालणारे प्रथिन त्यापासून बनते. १९९५ मध्ये हे जनुक काढून टाकलेले उंदीर तीन-चार आठवड्यांतच मेले. त्यांच्याच टी-पेशी बेसुमार वाढून हृदयात आणि स्वादुपिंडात घुसल्या होत्या. पुढच्याच वर्षी जेम्स ॲलिसन यांच्या गटाने हेच प्रथिन अडवून उंदरांमधल्या कर्करोगाच्या गाठी नाहीशा केल्या. त्या कामाला २०१८ चे नोबेल मिळाले. माणसात या जनुकाची एक प्रत जन्मतः बिघडली असेल, तर अनेकदा आतड्याला सूज येते, शरीर स्वतःच्याच रक्तपेशी मारू लागते. औषधांच्या बाजारात दोन्ही टोके सुखाने नांदतात: लगाम आवळणारे अबाटासेप्ट आमवातावर २००५ पासून, सैल सोडणारे इपिलिमुमॅब मेलॅनोमावर २०११ पासून अमेरिकेत मंजूर आहे.

म्हणजे आतड्याचा दाह, यकृताची सूज, थायरॉइड किंवा पिट्युटरीचा बिघाड हे लगाम सोडणाऱ्या औषधाच्या गुणातूनच येतात. केस गळत नाहीत, एवढ्यावरून औषध सौम्य ठरत नाही. त्रास कधी कधी औषध थांबवल्यावर काही महिन्यांनीही सुरू होतो. तोवर पेशंट मुंबईहून गावी परतलेला असतो. जुलाब लागले की गावातले डॉक्टर साहजिकच सलाईन आणि अँटिबायोटिक देणार. पण जुलाब आतड्याच्या या दाहामुळे असतील, तर बहुधा स्टेरॉइड लागते, तेही वेळेत. उशीर झाला तर आतडे फाटू शकते.

असे पेशंट आता वाढणार. टाटा रुग्णालयाच्या अभ्यासात, पुढच्या टप्प्यातील तोंड-घशाच्या कर्करोगात कमी मात्रेच्या तोंडी (मेट्रोनॉमिक) केमोच्या जोडीला निव्होलुमॅब दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिल्यावर, वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले. (निव्होलुमॅब पीडी-१ हा दुसरा लगाम सोडवते.) एवढ्या कमी डोसमुळे खर्च आवाक्यात येतो ही आनंदाचीच गोष्ट आहे.

म्हणूनच, औषधाचे नाव, शेवटच्या डोसची तारीख, धोक्याची लक्षणे आणि कर्करोगतज्ज्ञांचा फोन नंबर असलेले मराठी कार्ड रुग्णालयांनी प्रत्येक पेशंटच्या हाती द्यावे. आणि आपण ती लक्षणे पुढच्या पुरवणीत ठळक छापावीत, ही विनंती.

— एक वाचक, सांगली