सरासरीआडची ताटे

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके मूळचे पर्जन्यछायेतले. घोड आणि भीमेच्या पाण्यावर तेथे ऊस उभा राहिला, उसाच्या वाढ्यांवर दुभती जनावरे पोसली गेली. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर जमा होणारे दूध शहराच्या वाटेला लागते. मात्र दूध पिकविणाऱ्या गावातील प्रत्येक ताटात ते पोहोचते, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीचे आकडे येथे उद्बोधक आहेत. देशाच्या ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च सरासरी ३,७७३ रुपये होता, तर शहरी भागात ६,४५९ रुपये. त्यापैकी अंडी, मासे व मांस यांवर खेड्यात ४.९१ टक्के, म्हणजे सुमारे १८५ रुपये खर्च झाले, शहरात ३.५७ टक्के, म्हणजे सुमारे २३१ रुपये. दुधावरील खर्च अनुक्रमे सुमारे ३१४ व ४६६ रुपये होता. म्हणजे खेडूत आपल्या खिशातला मोठा वाटा देतो आणि तरीही त्याचा खर्च शहरवासीयापेक्षा कमीच भरतो. खेड्यात भाव कमी असतात, हे खरे. पण घरच्या दुधाची किंमतही या पाहणीत धरली जाते. तेव्हा ‘घरचे दूध मोजलेच नाही’ ही सबब येथे चालणार नाही.

शिवाय सरासरी ही मोठी फसवी गोष्ट. गोठा राखणारा बागायतदार आणि हंगामापुरता कोपी घालून राहणारा ऊसतोड मजूर हे एकाच शिवारात असतात. त्यांची ताटे एक नसतात. मजुराच्या मुलाला प्रथिनांचा खात्रीचा घास मिळण्याची जागा एकच, ती म्हणजे शाळा.

म्हणूनच नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे देण्याचा घेतलेला निर्णय मोलाचा होता. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा स्वतंत्र निधी थांबवून भार लोकसहभागावर सोपविण्यात आला. कारखान्यांच्या शेजारच्या रांजणगावात किंवा कुरकुंभात देणगीदार मिळू शकेल. वस्तीशाळेच्या शिक्षकाने हात कोणापुढे पसरावा? जेथे गरज अधिक, तेथेच वर्गणी दुर्मिळ.

एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. ती मुलाच्या हक्काची मानायची असतील, तर त्यांची जागा वर्गणीच्या वहीत नव्हे, राज्याच्या अंदाजपत्रकात आहे.