फोटोत नसलेली मुलं



नातीच्या शाळेत दहावीचा निरोप समारंभ झाला. आमच्या वेळी एक पेढा, कपभर चहा आणि मुख्याध्यापकांचं भाषण, एवढ्यात उरकायचं. आता मुली साड्या नेसतात (पिना लावून देताना माझी कंबर गेली!) आणि वर्गाचं आठवणींचं पुस्तकही निघतं. प्रत्येकानं अर्धं पान लिहायचं, निकालाच्या दिवशी पुस्तक वाटायचं. नात तिचं पान दाखवायला आली आणि मी सवयीप्रमाणे सगळ्यांचीच पानं वाचून काढली.

मुलांनी गोड लिहिलंय. डबा, सहल, स्नेहसंमेलनाच्या तालमी, वर्गाबाहेर उभं राहणं. ही तुकडी 2020 साली पाचवीत गेली, म्हणजे हायस्कूलची सुरुवातच मोबाईलवर झाली. कोण पांघरुणातून हजेरी द्यायचा, कुणाच्या आईचा आवाज सगळ्या वर्गाला ऐकू गेला, हे वाचून हसू आलं. पण ज्यांच्या घरी मोबाईल नव्हता त्यांचं काय झालं, हे एकाही पानावर नव्हतं.

मी नातीला विचारलं, चौथीत तुझ्या बाकावर इस्त्रीवाल्यांचा मुलगा बसायचा, तो कुठे आहे? ती म्हणाली, ते गावी गेले आणि आलेच नाहीत. घरात एकच मोबाईल, भावंडं तीन. पुढे म्हणाली, "पण आजी, तो आमच्या बॅचचा नाही ना."

या वाक्याला मी अडकले, कारण हेच मी स्वतः केलं आहे.

मी 1976 साली दहावी झाले. आमच्याआधी एकच वर्ष अकरावीची मॅट्रिक जाऊन नवी दहावी आली होती, त्यामुळे आमचं फार कौतुक. पाचवीत आम्ही बावीस मुली होतो, निरोपाच्या फोटोत नऊ आहेत. काहींच्या वडिलांची बदली झाली, काही मागच्या वर्गात राहिल्या, हे धरलं तरी तेरांचा हिशोब लागत नाही. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण आठवीत गणितात नापास झाली. तिला ई. बी. सी. ची फी-सवलत होती, नापास झाल्यावर ती मिळेना. घरी धाकटी भावंडं होतीच. जूनमध्ये बाकावर मी एकटी. चार दिवस वाईट वाटलं, मग दुसरी मैत्रीण झाली.

2016 ला आमचा चाळीस वर्षांचा स्नेहमेळावा झाला. मी बी.कॉम. म्हणून वर्गणीचा हिशोब माझ्याकडे. बोलावण्याची यादी कशी केली? फोटो समोर ठेवून. मला दिवस मावळायच्या आत जेवावं लागतं, हे वर्गमित्रांनी लक्षात ठेवून माझं पान वेगळं आधी वाढलं होतं. मी भरून पावले. माझं जेवण लक्षात राहिलेल्या मंडळींना ती मात्र आठवली नाही. त्यांचं सोडा, मला आठवली नाही. ती माझ्या माहेरापासून दोन गल्ल्यांवर राहते.

आरंभीची शिल्लक न मांडता नुसती अखेरची शिल्लक दाखवली तर कुठलाही हिशोब तपासनीस वही परत करील. वर्गाच्या आठवणींना आपण मात्र सहज पास करतो. माझं म्हणणं इतकंच की वर्ग मोजायचा तो पाचवीच्या हजेरीपटावरून, दहावीच्या फोटोवरून नाही.

यजमान म्हणाले, मुलांच्या आनंदाच्या दिवशी हे कशाला? त्यांचं थोडं पटतं. सोळा वर्षांच्या पोरांवर अपराधाचं ओझं नको, कोणी शाळा सोडली त्यात त्यांचा काय दोष? पण नाव लिहिण्यात ओझं कसलं? शिवाय आमच्यासारखी पन्नास वर्षं गेलेली नाहीत. तो मुलगाही आज सोळाचाच आहे. 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, हे त्याच्या घरी कोणी सांगितलं असेल का? जुन्या बाकावरच्या सोबत्यानं सांगितलं तर निदान ऐकून तरी घेईल.

आणि मैत्रिणींनो, आपल्याकडे धुण्याभांड्याला, स्वयंपाकाला येणाऱ्या बायकांच्या मुलींचंही एकदा विचारून बघा. कितवीत आहे, असं नाही. शाळेत जाते का, असं.

मी माहेरी फोन लावला. मैत्रीण आधी ओळखेचना, मग म्हणाली, "मला कशाला गं बोलवायचं, मी कुठं दहावी?" तिच्या तिन्ही मुली पदवीधर आहेत, हे तिनं दोनदा सांगितलं. नाव लिहीत नाही, धाकटी तिला हे वाचून दाखवणार आहे.

नातीनं वर्गात विचारलं. मुलांना आठवून आठवून सात नावं निघाली. पुस्तक अजून छापायला गेलेलं नाही, शेवटचं पान रिकामं होतं, तिथे ती घालणार आहेत. इस्त्रीवाल्यांचा नंबर आमच्या वॉचमनकडे मिळाला. रविवारी दुपारी फोन करायचा ठरलाय, बोलणार नात, मी नुसती शेजारी बसणार.