फॉल फक्त साडीला!

एक गोष्ट आधीच क्लिअर करू या, बॉस. आपल्याकडे फॉल असतो तो फक्त साडीला, पिकोसकट. पानं लाल-पिवळी होऊन गळतायत आणि आपण लांब कोट घालून कॉफीचा मग घेऊन चाललोय, हा सगळा मामला न्यूयॉर्कचा. आपल्याकडे पाऊस जातो, ऑक्टोबर हीट घामाच्या धारा काढते आणि मग एका पहाटे पंखा पाचवरून दोनवर आणावासा वाटतो. झाली थंडी सुरू! तरीही दिवाळीचा बोनस जमा झाला, की मोबाइलवर 'फॉल-विंटर कलेक्शन'चे मेसेज आदळायला लागतात आणि भलेभले विकेट टाकतात.

आमच्या ऑफिसचा डिसेंबरातला नागाव वीकएण्ड ठरला, तेव्हा ग्रुपवर जेवणाआधी कपड्यांचीच चर्चा पेटली. टीममध्ये सोलापूरची एक नवी पोरगी आहे. पगाराचा मोठा हिस्सा घरच्या कर्जाच्या हप्त्यात जातो. तिने मला हळूच विचारलं, "ताई, चार हजारांचं जॅकेट हप्त्यावर घेऊ का? माझ्याकडे फक्त आईने दिलेली चादर आहे. सगळ्यांसमोर ती कशी काढू?"

तिला जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते.

नागाव म्हणजे अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्यावर, नारळी-पोफळीच्या वाड्यांचं गाव. अलिबागला जानेवारीत पहाटेचा पारा सरासरी सतरा अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी पुन्हा तिशीजवळ जातो. मुंबईत सांताक्रूझचा नीचांक आहे 7.4 अंश, तोही 22 जानेवारी 1962चा. म्हणजे आपली थंडी महिनाभर मुक्कामाला येत नाही. ती रोज पहाटे येते आणि न्याहारीनंतर निघून जाते. तेव्हा फंडा सोपा: कॅलेंडर नाही, घड्याळ बघून कपडे बदला.

पहाटे 6: शाळेतले मतलई वारे आठवतायत? रात्री जमीन पटकन निवते, समुद्र ऊब धरून राहतो आणि गार वारा वाड्यांमधून समुद्राकडे सुटतो. किनाऱ्यावर कान गार पडतात ते त्यामुळेच. इथे एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर भारी. आत सुती टी-शर्ट, वर फुल बाह्यांचा शर्ट, गळ्यात स्टोल. थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब देते. मांडव्याच्या सकाळच्या बोटीत डेकवर उभं राहणार असाल, तर हाच सेट तिथेही चालतो.

दुपारी 1: आता समुद्रावरून खारे वारे. हवा दमट, ऊन कडक. वरचा शर्ट कमरेला बांधा. जाड जॅकेट आणलेल्यांना मात्र ते दिवसभर बाळासारखं कडेवर घेऊन फिरावं लागतं.

रात्री 9: पोपटी! थंडीतल्या रायगडची खरी पार्टी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं चिकन; मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. इथे फॅशन नाही, सेफ्टी बघा. पॉलिस्टर, नायलॉन, फ्लीस हे कापड ठिणगीने वितळतं आणि कातडीला चिकटतं. जाड सुती कापड किंवा खरी लोकर घाला. पेट सुतीही घेतं, म्हणून ओढणी-स्टोलची टोकं खोचून ठेवा. आणि धुराचा वास चार दिवस जात नाही, तेव्हा सोमवारच्या मीटिंगचा शर्ट बॅगेतच राहू दे.

कपाटाचं काम मात्र पॅकिंगआधीच करा. पावसाळ्यात बंद पडलेल्या लोकरी आणि रेशमी कपड्यांना दमट वास येतो, बुरशी धरते. ऑक्टोबर हीटला शिव्या देता ना? तेच ऊन कामाला लावा. सुती पांघरुणं कडक उन्हात, रेशीम-लोकर सावलीत वाऱ्यावर. डांबर गोळ्या कापडात गुंडाळून ठेवा, थेट साडीवर नको. आणि एक शाल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाका. मुंबईकराची बारमाही थंडी एसीच्या खाली असते!

पोरीने जॅकेट घेतलं नाही. नागावला पहिल्या पहाटे ती किनाऱ्यावर सोलापुरी चादर पांघरून आली, जरा खाली बघतच. जाड सूत, घट्ट वीण, लाल-निळी नक्षी. पाच मिनिटांत त्या चादरीखाली चौघं होते. त्यातला एक टीम लीडर. "कुठे मिळते गं?" असं त्याने विचारलं, तेव्हा तिने मान वर केली आणि म्हणाली, "आमच्या घरीच विणतात. किती हव्यात?"

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सात जणांनी ऑर्डर दिली. त्या महिन्याचा हप्ता तिला जरा हलका गेला असणार.