सोंग बदलावे, बहुरूपी नव्हे

खेळणी मुलांची आणि वाद मोठ्यांचे, अशी आपल्याकडे वाटणी ठरलेली आहे. पण काही खेळणी अशी निघतात, की त्यांच्यावरूनच मोठी माणसे हमरीतुमरीवर येतात. मोटारीचा यंत्रमानव आणि यंत्रमानवाची पुन्हा मोटार करता येणारी ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ही त्यांपैकीच. १९८४ साली ती अमेरिकेच्या बाजारात आली. तेव्हाची सात-आठ वर्षांची मुले आज पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहेत आणि एखाद्या जुन्या पात्राचा नवा अवतार बाजारात आला, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हा मूळच्याशी इमान राखून आहे का? प्रश्न वरकरणी पोरकट वाटेल. पण जुने नाव घेऊन नवी वस्तू घडवणाऱ्या प्रत्येकापुढे तो कधी ना कधी उभा राहतोच. म्हणून त्याचा जरा शांतपणे विचार करावा, असे मला वाटते.

पहिली अडचण अशी, की मूळ म्हणायचे कशाला? जपानच्या ‘ताकारा’ कंपनीने १९८० मध्ये ‘डायाक्लोन’ नावाची खेळणी काढली. त्यांतली यंत्रे निर्जीव होती. ती चालवायला आत एक चिमुकला माणूस बसत असे. त्याच कंपनीच्या ‘मायक्रोमॅन’ मालिकेतून घरातल्या वस्तूंचे, म्हणजे टेपरेकॉर्डर वगैरेंचे, यंत्रमानव निघाले होते. अमेरिकेच्या ‘हॅस्ब्रो’ने ही दोन्ही घराणी एकत्र आणली, चालकाला रजा दिली आणि यंत्रातच जीव ओतला. नावे आणि स्वभाव देण्याचे काम ‘मार्व्हल’ या चित्रकथांच्या प्रकाशनसंस्थेकडे गेले. सेनापतीचे ‘ऑप्टिमस प्राइम’ हे नाव डेनिस ओनील यांचे; बाकी बहुतेकांची नावे आणि स्वभावचित्रे बॉब बुडियान्स्की यांच्या लेखणीतून उतरली. म्हणजे आज ज्याला मूळ म्हणून पुजले जाते, तीच मुळात जुन्या खेळण्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती होती!

बरे, प्रमाण कशाला मानावे? दुकानातल्या खेळण्याला की दूरचित्रवाणीवरच्या मालिकेला? ‘आयर्नहाइड’ या पात्राचे उदाहरण घ्या. १९८४ चे त्याचे खेळणे निस्सानच्या व्हॅनचे होते आणि यंत्रमानव झाल्यावर त्याला डोकेच नसे. काचेमागच्या बैठकीवर चिकटवलेले चित्र हाच त्याचा चेहरा. मालिकेच्या चित्रकारांनी त्याला रीतसर डोके दिले. आज कोणी आयर्नहाइडची ‘हुबेहूब’ आवृत्ती काढतो, तेव्हा ती या डोकेवाल्या चित्राची असते. मुलांच्या हातात जे कधी नव्हतेच, त्याच्याशी हे इमान! आठवण अशी लबाड असते. ती दोन वस्तू एकत्र कालवते आणि तिसरीलाच मूळ म्हणून मिरवते.

आता ऑप्टिमस प्राइमच्या ट्रकाकडे वळू. जुना ऑप्टिमस सपाट तोंडाचा होता. असे ट्रक तेव्हा का होते, याचे उत्तर कलेत नाही, कायद्यात आहे. ट्रक आणि ट्रेलर मिळून एकंदर लांबी किती असावी, यावर अमेरिकेतील राज्यांची बंधने असत. इंजिनाच्या डोक्यावर केबिन बसवली की लांबी वाचे आणि तेवढा माल जास्त मावे. १९८२ च्या केंद्रीय कायद्याने मुख्य महामार्गांवरचे हे बंधन उठले आणि लांब नाकाच्या ट्रकांचे दिवस आले. म्हणजे ऑप्टिमस दुकानात आला, तेव्हाच त्याच्या जातीच्या ट्रकाची अमेरिकेत उतरती कळा लागलेली होती. पुढे २००७ च्या चित्रपटात मायकेल बे यांनी त्याला लांब नाकाचा पीटरबिल्ट केले, तेव्हा जुन्या मंडळींनी आकाशपाताळ एक केले. मला मात्र त्यात बेइमानी दिसत नाही.

कारण या खेळण्याचा गाभा वेषांतराचा आहे. परग्रहावरून आलेले हे जीव माणसांत लपतात ते माणसाच्या रोजच्या पाहण्यातल्या वस्तूंचे रूप घेऊन. आपल्याकडचा बहुरूपी आठवा. तो फौजदाराच्या वेषात दारात उभा राहून ‘वॉरंट आहे’ म्हणून दरडावतो आणि क्षणभर आपल्याही पोटात गोळा येतो. तोच उद्या पेशवाईतल्या शिलेदाराच्या पोशाखात आला, तर आपण कौतुकाने पाहू. फसणार मात्र नाही. सोंगाला काळाचे भान लागते. पण सोंग कोणतेही असो, आतला माणूस तोच असावा लागतो. नाहीतर दरवर्षी वाट कोणाची पाहायची?

माझी कसोटी यातूनच येते. प्रत्येक पात्राचे एक काम असते आणि त्या कामातून त्याचा स्वभाव दिसतो. ऑप्टिमस दुसऱ्यांचे ओझे वाहतो, म्हणून तो ट्रक. नाक लांब की सपाट, हा तपशील. ओझे वाहणे हा स्वभाव. रूप खुशाल बदलावे, काम बदलू नये. आणि काम बदलायचेच असेल, तर प्रामाणिकपणे नावही बदलावे.

या कसोटीवर ‘बंबलबी’चा प्रवास पाहण्यासारखा आहे. तो मुळात पिवळी फोक्सवॅगन बीटल : लहान, स्वस्त, कोणाच्याही दारात दिसणारी. सगळ्यांत धाकटा, धडपड्या, म्हणून त्याला हे रूप. २००७ च्या चित्रपटात तो शेव्हरोले कमॅरो झाला. गंमत अशी, की चित्रपटाच्या पूर्वार्धातली त्याची खिळखिळी, जुनी, चार हजार डॉलरांत मुलाच्या पदरात पडलेली कमॅरो मला बीटलइतकीच खरी वाटते. गरिबाघरची नसली, तरी पहिल्यावहिल्या गाडीची सारी लाज आणि सारे प्रेम तिच्यात आहे. पुढे कोणीतरी तिला नावे ठेवते, ती रुसते आणि झळझळीत नवी कोरी होऊन परतते. तिथे बंबलबी हरवला. गाडीची बनावट बदलली म्हणून नव्हे. तर धाकटेपण गेले म्हणून. २०१८ च्या ‘बंबलबी’ चित्रपटाने त्याला पुन्हा बीटल केले, तेव्हा लोकांना जुनी गाडी परत मिळाल्याचा आनंद झाला. मला वाटते, खरे तर परत आला होता तो स्वभाव.

‘साउंडवेव्ह’ हा शत्रुपक्षाचा हेर. तो टेपरेकॉर्डर होता आणि त्याच्या छातीत कॅसेटी बसत. घरोघरी कोनाड्यात असलेली ही वस्तू सगळ्यांचे बोलणे ऐकत असेल, ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी होती. आज कॅसेट पाहून मूल विचारते, हे काय आहे? लपण्यासाठी घेतलेले रूपच आता सगळ्यांचे लक्ष वेधून घेते. २००७ मध्ये जपानी कंपनीने त्याला खरोखर गाणी वाजवणारा डिजिटल प्लेअर केले, ही मला नामी युक्ती वाटते. २००९ च्या चित्रपटात तो अवकाशातला उपग्रह झाला. ऐकण्याचे काम राहिले, पण टेबलावरची जवळीक गेली. ‘मेगाट्रॉन’चे रूपांतर तर सक्तीचेच. तो मुळात हुबेहूब पिस्तूल होता. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीवर नारिंगी खूण हवी, असा कायदा अमेरिकेत १९८८ मध्ये झाला आणि नव्वदच्या दशकात मेगाट्रॉन रणगाडा झाला. धाक तोच राहिला, कोणाच्या घरी भलता प्रसंग ओढवण्याची भीती कमी झाली. याला तक्रार कसली?

१९९६ च्या ‘बीस्ट वॉर्स’मध्ये तर सेनापती चक्क गोरिला झाला. काहींना तो धर्मद्रोह वाटला. पण त्या मंडळींनी त्याचे नाव ‘ऑप्टिमस प्रायमल’ ठेवले आणि हा निराळा, वंशज आहे, हे स्वच्छ सांगितले. काम बदलले, नाव बदलले, हिशेब चोख.

याउलट, इमानाच्या नावाखाली एक निराळीच गोष्ट घडते आहे, तिची मला अधिक चिंता वाटते. २००३ पासून प्रौढ संग्राहकांसाठी ‘मास्टरपीस’ नावाची महागडी मालिका निघते. कारागिरी अप्रतिम, पण मोटारीचा यंत्रमानव करताना जाणत्यालाही माहितीपत्रक उलगडून बसावे लागते. २०२१ मध्ये तर ‘रोबोसेन’ने आज्ञा देताच आपोआप उलगडणारा ऑप्टिमस काढला, आरंभीची किंमत सुमारे सातशे डॉलर. यंत्र म्हणून थोर, पण ज्या हाताने वळवायचे तो हातच त्याने रिकामा केला. माझ्या परिचयातल्या एका घरी असा सारा दरबार काचेच्या कपाटात मांडलेला आहे. किल्ली बापाकडे असते आणि मुलगा काचेला नाक लावून पाहतो. बापाचे बालपण जपले गेले, मुलाचे कपाटाबाहेर राहिले.

पुनर्मुद्रणाला माझा विरोध नाही. २०२४ मध्ये निघालेल्या ‘मिसिंग लिंक’ मालिकेत जुनेच रूप ठेवून फक्त सांधे नवे बसवले. जुनी पोथी नीट बांधून द्यावी, तसे ते काम आहे. जुन्या वाचकाला तिचा हक्क आहे. फक्त पोथी आणि बालवाचन यांची गल्लत होऊ नये.

१९८६ चा चित्रपट इथे आठवावा. जुना माल हटवून नवी पात्रे विकायची, म्हणून त्यात ऑप्टिमसला मारून टाकले. कंपनीच्या लेखी तो मावळता साठा होता. चित्रपटगृहात मुले रडली आणि १९८७ मध्ये मालिकेत त्याला जिवंत करावे लागले. ही मुले नाक, काच की चाके यांसाठी रडली नव्हती. विश्वासाचे एक माणूस गेले म्हणून रडली होती. तीच मुले आज मोठी होऊन खिडकीच्या काचेचा आकार मोजत बसतात, याचे मला नवल वाटते.

तेव्हा नवा ऑप्टिमस हातात आला, की दोनच गोष्टी पाहाव्यात. तो आजच्या रस्त्यावर ओझे वाहताना दिसेल, असा वाटतो का? आणि आठ वर्षांच्या मुलाला कोणाला न विचारता त्याचा ट्रक करता येतो का? दोन्हींचे उत्तर होय असेल, तर नाक कसेही असो, तो मूळच्याशी इमान राखून आहे.