हरवलेल्या अर्थांची हळहळ पुरे

भाषांतर या विषयावरचे कोणतेही चर्चासत्र घ्या. दुपारच्या सत्रात एखादा निबंधवाचक एक अनेकार्थी इंग्रजी शब्द सभेपुढे ठेवतो, कोशातून त्याचे चार अर्थ वाचून दाखवतो, मग परभाषेतला त्याचा प्रतिशब्द सांगतो आणि चारांपैकी एकच अर्थ तिकडे पोचला, तीन वाटेत हरवले, असा निष्कर्ष काढतो. सभा माना डोलावते. अध्यक्ष समारोपात 'भाषांतर म्हणजे अखेर तडजोड' असे म्हणतात आणि चहा येतो. या हळहळीसाठी कुणालाच काही किंमत मोजावी लागत नाही. म्हणूनच ती इतकी लोकप्रिय असावी.

माझा या हळहळीला आक्षेप आहे. ती चुकीच्या हिशेबावर उभी आहे आणि त्या हिशेबाने भाषांतर वाचण्याची आपली पद्धतच बिघडवली आहे. हे दाखवण्यासाठी मी इंग्रजीतून फ्रेंचमध्ये गेलेल्या काही शब्दांची उदाहरणे घेणार आहे. या दोन भाषा शेजारच्या. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीने फ्रेंचमधून हजारो शब्द घेतले. अर्थांची ने-आण कुठे सुरळीत व्हायची असेल तर ती इथे व्हावी. प्रत्यक्षात तशी ती होत नाही, आणि का होत नाही हे पाहू लागले की हळहळीचा पोकळपणा लक्षात येतो.

शेक्सपिअरच्या 'मच अडू अबाउट नथिंग' या शीर्षकापासून सुरुवात करू. यातल्या 'नथिंग'चा उच्चार त्या काळी 'नोटिंग'च्या जवळचा होता, असे अभ्यासक सांगतात. 'नोटिंग' म्हणजे निरखणे, टिपून ठेवणे. चोरून ऐकलेल्या आणि चुकीच्या पाहिलेल्या गोष्टींवर हे सारे नाटक चालते, त्यामुळे शीर्षकातला हा दुसरा नाद महत्त्वाचा आहे. फ्रेंच रंगभूमीवर हे नाटक 'बोकू द ब्रुई पूर रिऐं' या नावाने ओळखले जाते. 'रिऐं' म्हणजे काही नाही. त्यात निरखण्याचा नाद नाही. इथपर्यंत आपला निबंधवाचक बरोबर आहे. पण तो इथेच थांबतो. त्याच शीर्षकातल्या 'ब्रुई' या शब्दाकडे तो पाहतच नाही. 'ब्रुई' म्हणजे गोंगाट, आणि 'ब्रुई' म्हणजे वावडीसुद्धा. इंग्रजी 'अडू'मध्ये धांदल आहे, गडबड आहे, वावडी नाही. ज्या नाटकात हीरो नावाच्या निरपराध मुलीवर भर लग्नमंडपात खोटा आळ घेतला जातो, त्या नाटकाच्या फ्रेंच शीर्षकात वावडी येऊन बसली, याची नोंद कुणी करायची? हळहळणाऱ्यांच्या हिशेबवहीत खर्चाचे पान आहे. जमेचे पानच नाही.

या जमेने त्या खर्चाची भरपाई झाली, असे मी म्हणत नाही. अर्थ म्हणजे नाणी नव्हेत की एक गेले, दुसरे आले आणि मेळ बसला. माझा मुद्दा निराळा आहे. मूळ शब्द अनेकार्थी असतो तसा प्रतिशब्दही अनेकार्थी असतो. आपण मात्र मूळ शब्दाला अर्थांचे भांडार समजतो आणि प्रतिशब्दाला रिकामे भांडे. मग त्या भांड्यात किती मावले आणि किती सांडले, एवढेच मोजत बसतो. भांडे आधीच भरलेले असते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

ही गोष्ट पिएर कोस्त या भाषांतरकाराला तीनशे वर्षांपूर्वी पुरती ठाऊक होती. कोस्त हा परागंदा फ्रेंच प्रॉटेस्टंट. जॉन लॉकच्या मानवी आकलनावरील ग्रंथाचे त्याने केलेले फ्रेंच भाषांतर १७०० साली प्रसिद्ध झाले. लॉक तेव्हा हयात होता, आणि ज्या घरी लॉक राहत होता त्याच घरी कोस्त शिक्षक म्हणून होता. एवढी सोय क्वचितच कुणा भाषांतरकाराला लाभली असेल. तरीही 'कॉन्शसनेस' या शब्दापाशी तो अडला. माणूस काल जो होता तोच आज आहे हे कशावरून, या प्रश्नाला लॉकने दिलेले उत्तर याच शब्दावर उभे आहे. फ्रेंचमध्ये 'कोंसियांस' हा शब्द होता. पण त्या काळी तो मुख्यतः सदसद्विवेकाचा वाचक होता. इंग्रजीत 'कॉन्शन्स' आणि 'कॉन्शसनेस' असे दोन शब्द आहेत. मराठीतही विवेक वेगळा आणि जाणीव वेगळी. फ्रेंचमध्ये मात्र दोहोंसाठी एकच घर, आणि त्यात विवेकाचे बिऱ्हाड आधीच थाटलेले.

कोस्तने काय केले? त्याने 'कोंसियांस' हाच शब्द मधोमध तोडला, 'कों' आणि 'सियांस' यांच्यामध्ये एक आडवी रेघ घातली आणि खाली लांबलचक टीप लिहून आपली अडचण वाचकापुढे उघड मांडली. त्या रेघेने सराईत वाचकाला थांबवले, ओळखीचा शब्द अनोळखी केला. पुढे रेघ गळून पडली, अर्थ मात्र भाषेत राहिला. आज फ्रेंच तत्त्वचिंतनात 'कोंसियांस' हा शब्द जाणिवेसाठी बिनदिक्कत वापरला जातो, त्यामागे त्या छोट्या रेघेचाही वाटा आहे. एत्येन बालिबार या तत्त्वज्ञाने या प्रसंगावर विस्ताराने लिहिले आहे.

लॉकच्या 'अनईझीनेस' या दुसऱ्या शब्दाची कथा याहून बोलकी आहे. माणसाला कृतीकडे ढकलणारी मनाची ती अस्वस्थता. कोस्तने त्यासाठी 'आंकिएत्यूद' हा शब्द योजला आणि तो नेमका प्रतिशब्द नाही, जवळचा आहे, हेही टिपेत सांगून टाकले. लायब्निट्सने लॉकचा अभ्यास मुख्यतः या भाषांतरावरून केला आणि त्याला उत्तर म्हणून फ्रेंचमध्येच एक ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो त्याचा भावार्थ असा: भाषांतरकाराचा हा शब्द लेखकाच्या मनातले सांगत नसेलही, पण वस्तुस्थिती तो फार चांगली सांगतो. आणि लगेच तो जर्मन भाषेकडे वळतो. जर्मनमध्ये अस्वस्थतेला 'उनरूह' म्हणतात, आणि घड्याळाच्या सतत हलणाऱ्या आंदोलकालाही 'उनरूह'च म्हणतात. आपले शरीरही तसेच कधी पूर्णपणे स्वस्थ नसते, ही कल्पना त्याला तिथे सापडते. पुढे १७५४ साली काँदियाकने संवेदनांवरील आपल्या ग्रंथात याच 'आंकिएत्यूद'ला मध्यवर्ती स्थान दिले. कोस्तच्या शब्दात लॉकचे किती टक्के उतरले, असे ज्याला विचारायचे असेल त्याने खुशाल विचारावे. त्या शब्दातून एक विचारपरंपरा निघाली, ही गोष्ट मात्र त्याच्या टक्केवारीत कुठेच बसणार नाही.

हळहळीची दुसरी बाजू म्हणजे 'संदर्भ' नावाचा तोडगा. अनेकार्थी शब्द आला की संदर्भ पाहावा, त्यावरून एक अर्थ निश्चित करावा आणि बाकीचे सोडून द्यावेत, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. कायद्याच्या मसुद्यात किंवा औषधाच्या वेष्टनावर हा नियम योग्यच आहे. साहित्यात तो अपुरा आहे, आणि हे समजण्यासाठी आपल्याला परक्या सिद्धांताची गरज नाही. संयोग, विप्रयोग, प्रकरण इत्यादींनी अनेकार्थी शब्दाचा अर्थ कसा नियंत्रित होतो, हे भर्तृहरीने सांगितले. पण मम्मटाने त्यापुढची गोष्ट सांगितली: अभिधा एका अर्थापाशी अडवली गेल्यावरही दुसरा अर्थ ऐकू येत राहतो, तो व्यंजनेने. अभिधामूला व्यंजना ती हीच. परीक्षेत आपण तिची व्याख्या लिहून घेतो आणि भाषांतराच्या तासाला विसरून जातो.

मम्मटाचीच आणखी एक कसोटी इथे उपयोगी पडते. शब्द बदलून पर्यायशब्द घातला तरी जो श्लेष टिकतो तो अर्थश्लेष. जो मोडतो तो शब्दश्लेष. भाषांतर म्हणजे तर शब्द बदलणेच. तेव्हा शब्दश्लेष भाषांतरात मोडणार हे गृहीतच आहे. त्यावर शोकसभा भरवण्याचे कारण नाही. मोडल्यावर भाषांतरकाराने काय उभारले, हा खरा प्रश्न. ऑस्कर वाइल्डचे १८९५ साली रंगमंचावर आलेले 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' घ्या. अर्नेस्ट हे माणसाचे नाव, आणि तशाच उच्चाराच्या विशेषणाचा अर्थ मनःपूर्वक गंभीर असलेला. नाटकातल्या दोन तरुणींना अर्नेस्ट नावाचाच नवरा हवा आहे आणि दोन लबाड तरुण ते नाव धारण करतात. फ्रेंचमध्ये नाटकाचे रूढ नाव झाले 'लांपोर्तांस देत्र कोंस्तां'. कोंस्तां हे खरोखरीचे फ्रेंच नाव, आणि 'कोंस्तां' म्हणजे एकनिष्ठ. दुसऱ्या एका रूपांतरात नायकाचे नाव एमे झाले. एमे म्हणजे ज्याच्यावर प्रेम केले गेले असा. दोन्ही ठिकाणी कोशातला अर्थ सोडला आणि नाटकाचा सांगाडा राखला: ज्याचे नाव जो गुण सांगते तो गुण त्याच्यापाशी नाही. गावाकडे एक नाव आणि शहरात दुसरे नाव घेऊन फिरणारा माणूस एकनिष्ठ म्हणवतो, यात वाइल्डची खोडी शाबूत आहे. गेले ते निराळेच. 'अर्नेस्ट' असणे हा व्हिक्टोरियन मध्यमवर्गाचा नैतिक आदर्श होता, आणि त्या वर्गाला काढलेला चिमटा फ्रेंच प्रेक्षकाला बसत नाही. टीका करायची तर यावर करावी. पण त्यासाठी कोश पुरत नाही. समाजाचा इतिहास वाचावा लागतो.

अर्थ निवडण्याचा हुकूम सरकारी पातळीवर दिला तर काय होते, याचेही उदाहरण फ्रान्समध्ये आहे. 'जेंडर' या इंग्रजी शब्दासाठी अभ्यासक 'झाँर' हा शब्द वापरू लागले होते. 'झाँर' म्हणजे प्रकार, व्याकरणातले लिंग आणि साहित्यप्रकारही. जुलै २००५ मध्ये परिभाषेच्या सरकारी आयोगाने राजपत्रात शिफारस प्रसिद्ध केली की हा अर्थविस्तार भाषेच्या दृष्टीने समर्थनीय नाही, 'सेक्स' हा जुना शब्द पुरेसा आहे. त्याच वर्षी ज्युडिथ बटलर यांच्या 'जेंडर ट्रबल' (१९९०) या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर 'त्रूब्ल दां ल झाँर' या नावाने निघाले. त्या शीर्षकात व्याकरण, साहित्यप्रकार आणि स्त्री-पुरुषपण या तिन्हींत एकदम गडबड माजलेली आहे. मूळ इंग्रजी शीर्षकात ती एवढी नाही. आयोगाला जो दोष वाटला तोच शब्दाचा गुण ठरला. आज फ्रेंच विद्यापीठांत या अभ्यासशाखेचे नावच 'एत्यूद द झाँर' असे आहे.

यावर कुणी म्हणेल की 'अननुवादनीय' शब्दांचा कोश तर फ्रेंचांनीच केला. खरे आहे. बार्बारा कासॅं यांच्या संपादनाखाली तो २००४ साली निघाला. पण हळहळणारे त्याचे नाव घेतात आणि प्रतिपादन सोडतात. कासॅं यांच्या लेखी अननुवादनीय म्हणजे ज्याचा अनुवाद होऊच शकत नाही असे नव्हे, तर ज्याचा अनुवाद करणे कधी संपत नाही असे. यात शोक नाही, काम आहे.

हा वाद आपल्याला दूरचा वाटेल, पण तो तसा नाही. फ्रेंच विचार मराठीत बहुधा इंग्रजीमार्गे येतो. फ्रेंच 'कोंसियांस' इंग्रजीत शिरताना त्याचे दोन तुकडे होतात; त्यातला एक तुकडा उचलून आपला भाषांतरकार 'जाणीव' लिहितो, आणि मूळ शब्दात विवेकही दडला होता हे त्याच्या गावीही नसते. 'एस्प्री' या शब्दात मन, आत्मा आणि चतुराई एकत्र नांदतात. इंग्रजी भाषांतरकार 'माइंड' की 'स्पिरिट' हे ठरवून मोकळा होतो आणि आपण त्याचा निर्णय मूळ म्हणून स्वीकारतो. कोस्तसारखी एक रेघ घालण्याचे धैर्य, एक टीप लिहिण्याचा प्रामाणिकपणा, हे आपल्याकडे अपवादानेच दिसते, कारण भाषांतरकाराला माहीत असते की समीक्षक कोश घेऊन सांडलेले मोजायला बसला आहे. धाडस केले तर 'मुळाशी प्रतारणा', न केले तर 'अर्थहानी'. अशा न्यायालयापुढे कुणीही सर्वांत निरुपद्रवी शब्दच निवडील.

तेव्हा पुढच्या चर्चासत्रात कुणी तीन अर्थ हरवल्याचे सांगितले, तर त्याला एवढेच विचारावे: प्रतिशब्द म्हणून जो शब्द आला, त्याचे स्वतःचे अर्थ किती, आणि ते त्या वाक्यात काय करतात? उत्तर देता आले तर चर्चा सुरू झाली. न आले तर चहा लवकर मागवलेला बरा.